बोवर छापलंय ३३०, पण बाण जातो कितीनं?

माझ्याकडचा कंपाउंड बो (टोकांना कॅम, म्हणजे चाकं असलेलं धनुष्य) मुळात हंटिंगचा आहे. कॅमोफ्लाज रंग, लांबीला आखूड, आणि लिंबवर (बोच्या वाकणाऱ्या पात्यावर) ठळक छापलेलं ३३० एफपीएस. म्हणजे सेकंदाला ३३० फूट, आपल्या भाषेत सेकंदाला १०० मीटर, ताशी ३६० किलोमीटरच्या वर. सेकंडहँड घेतला तेव्हा विकणाऱ्यानं पण हाच आकडा तीनदा ऐकवला होता. शिकारीचा प्रश्नच नाही हे आधीच सांगतो, कारण कॅमोफ्लाज बो बघितला की लोक लगेच रानडुकराचा विषय काढतात. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद आहे आणि मला त्याची हौसही नाही. मी टार्गेटवर मारतो, बस.

साताऱ्यात आता बो-अ‍ॅरो म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०२३ ला बर्लिनमध्ये आपली अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, त्याच स्पर्धेत ओजस देवतळे पुरुषांमध्ये झाला, तो नागपूरचा पण सराव साताऱ्यात, आणि त्याच वर्षी पार्थ साळुंखे रिकर्व्हमध्ये (बिनचाकाच्या बोमध्ये) युथ वर्ल्ड चॅम्पियन. तेव्हापासून रिक्षावाला पण विचारतो "किती पाउंडाचा आहे?" (म्हणजे ओढायला किती जोर लागतो) आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "स्पीड किती?" आता ह्या दुसऱ्या प्रश्नाला लिंबवरचा आकडा सांगणं म्हणजे गाडीच्या ब्रोशरमधलं अ‍ॅव्हरेज सांगण्यासारखं आहे.

कारण तो ३३० कुठल्या परिस्थितीतला आहे ते बघा. स्पीडचं रेटिंग आयबीओ पद्धतीचं काय किंवा एटीएचं काय, ढोबळ हिशोब असा की बो ७० पाउंडावर, ड्रॉ लेंथ (स्ट्रिंग किती मागं ओढायची ते) ३० इंच, आणि बाण ३५० ग्रेन (बाणाच्या वजनाचं माप), म्हणजे पाउंडाला ५ ग्रेन. त्याहून हलका बाण लावायचाच नाही, कारण बाण फार हलका असला की जवळपास रिकामी स्ट्रिंग सोडल्यासारखं होतं, सगळी ताकद बोच्याच अंगावर येते आणि लिंब, कॅम कधी जाईल सांगता येत नाही. म्हणजे चालेल त्यातला सगळ्यात हलका बाण, वर मशीनवरून सोडलेला, स्ट्रिंगवर पीप (नेम धरायला बघायचं भोक) नाही, काही नाही. पूर्वी एएमओ म्हणून एक रेटिंग असायचं, ६० पाउंड, ३० इंच, ५४० ग्रेन, ते तरी शिकाऱ्याच्या खऱ्या बाणाच्या जवळ जाणारं होतं. पण त्यात आकडा लहान येतो, मग छापणार कोण?

माझी उंची बेताची, ड्रॉ लेंथ साडेसत्तावीस. पाउंडेज पण ७० नाही, वर्ल्ड आर्चरीच्या नियमात कंपाउंडला ६० च्या वर चालतच नाही आणि मला पन्नासच्या आसपासच नीट पेलतं. म्हणजे ३३० माझ्या वाट्याला येणार नाही हे उघड होतं, पण मग किती? ह्यासाठी आधी आपल्याकडं नक्की काय आहे ते मोजायला पाहिजे.

बाणाचं वजन करायला ग्रेनचा काटा घ्यायची गरज नाही. सराफाकडं जा. ओळखीचे सराफ आहेत, त्यांच्या काट्यावर बाण आडवा ठेवला, २४.६२ ग्रॅम. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, भागलं की ३८० ग्रेन. सराफ म्हणाले, "ह्याची घडणावळ किती?" असो. सगळे बाण एक एक करून मोजून घेतले, त्याचा उपयोग पुढं सांगतो.

ड्रॉ वेटसाठी, म्हणजे ओढायचा जोर मोजायला, धान्याच्या पोत्याला लावतात तो हुकचा डिजिटल काटा. आधी त्यालाच तपासून घ्यावं, जिममधली २० किलोची प्लेट अडकवून बघावी, स्वस्तातले काटे अर्धा-पाऊण किलो इकडं तिकडं दाखवतात. मग दाजींच्या पोल्ट्री शेडच्या छताच्या कैचीला काटा टांगला, खाली स्ट्रिंगची डी-लूप (जिला धरून स्ट्रिंग ओढतात तो छोटा फास) अडकवली आणि बो कप्पीनं हळूहळू खाली ओढला. कमाल वजन २२.४ किलो, म्हणजे ४९.४ पाउंड. नुसतं कमाल बघून थांबू नका, दर इंचाला काटा किती दाखवतो ते लिहून ठेवा, कंपाउंडमध्ये सुरुवातीला झपकन वाढतं, मग बराच वेळ सपाट राहतं, आणि शेवटी कॅम फिरला की एकदम पडतं. त्या ग्राफखालचं क्षेत्रफळ म्हणजे बोमध्ये साठलेली ऊर्जा. माझ्या बोचं आलं साधारण ८६ ज्यूल. हा आकडा लक्षात ठेवा.

(पोल्ट्री शेड का, तर दोन बॅचच्या मध्ये ते रिकामं असतं, लांबलचक असतं, वारा नाही आणि दोन्ही टोकांची दारं लावून घेता येतात. कोरेगाव रोडला अशी शेडं ढीगभर. वास मात्र कपड्यातून जात नाही, बायको त्यावर वेगळा ब्लॉग लिहू शकेल.)

आता आधी कागदावरचा अंदाज. बोवाल्यांचे ठोकताळे असे, ड्रॉ लेंथ एक इंच कमी झाली की १० एफपीएस जातात, पाउंड एक कमी झाला की २ जातात, बाण ३ ग्रेननं जड झाला की १ जातो, आणि स्ट्रिंगवर पीप, डी-लूप वगैरे जास्तीचं वजन लावलं की आणखी ४-५. माझं लावून बघा. अडीच इंचाचे २५ गेले, साडेवीस पाउंडाचे ४१ गेले, ३० ग्रेनचे १० गेले, पीप-बिपचे ५. ३३० मधून ८१ वजा, उरले २४९. एका कागदावर एक चतुर्थांश स्पीड गायब! दाजींनी ऐकलं आणि म्हणाले, "पाव्हणं, पैसे परत मागा."

पण ठोकताळे म्हणजे ठोकताळे. ते सगळ्या बोंना सारखे लागू होत नाहीत, कॅम कडक असला की वेगळं, मऊ असला की वेगळं. मोजायलाच पाहिजे होतं.

माझा भाचा बारावी सायन्सला. त्याला म्हटलं फोनवर आवाज रेकॉर्ड करून स्पीड काढतात म्हणे, स्ट्रिंगचा आवाज आणि बाण लागल्याचा आवाज, मधला वेळ मोजायचा आणि अंतराला त्यानं भागायचं. तो म्हणाला, "मामा, फोन कुठं ठेवणार त्यावर सगळं आहे." आणि पोरानं घरातले तीन फोन गोळा केले. एक माझ्या पायाशी, एक बरोबर मध्ये १० मीटरवर, बाजूला भिंतीकडं सरकवून, आणि एक टार्गेटच्या शेजारी पोत्याच्या आडोशाला. टार्गेट २० मीटरवर. एकच बाण, तिन्ही फोन चालू.

मला वाटतं ह्या सगळ्या उद्योगातला सगळ्यात भारी भाग हाच. एकाच बाणाचे तीन फोनवर तीन वेगवेगळे वेळ आले. पायाशी ०.३१८ सेकंद, मध्ये ०.२६१, टार्गेटजवळ ०.२०४. आता नुसतं २० मीटरला भागलं तर पायाजवळचा फोन सांगतो २०६ एफपीएस, मधला सांगतो २५१, आणि टार्गेटजवळचा सांगतो ३२२. बघा हं, ३२२! लिंबवरच्या ३३० ला जवळपास चिकटलेला. ज्याला कंपनीवर विश्वास ठेवायचाय त्यानं टार्गेटजवळ फोन ठेवावा, मन भरून जाईल. यूट्यूबवर "माझा बो रेटिंगच्या बरोबर" म्हणणारे काही जण फोन कुठं ठेवतात हे आता मी आवर्जून बघतो.

कारण सरळ आहे. आवाजाला पण यायला वेळ लागतो. फोन माझ्यापाशी असेल तर स्ट्रिंगचा आवाज लगेच पोचतो पण टार्गेटचा ठप्प २० मीटर चालत परत येतो, म्हणजे वेळ फुगतो आणि स्पीड कमी दिसतो. फोन टार्गेटपाशी असला की उलटं, स्ट्रिंगचा आवाज उशिरा येतो, वेळ आकसतो, स्पीड फुगतो. मध्ये ठेवला की दोन्ही आवाजांना सारखंच अंतर, हिशोब फिटला. आणि गंमत म्हणजे दोन टोकांच्या वेळांची सरासरी काढा, ०.३१८ आणि ०.२०४, बरोबर ०.२६१ येते, मधल्या फोनचाच आकडा. भाच्यानं त्यावर कडी केली, दोन टोकांच्या वेळेतला फरक ०.११४, तेवढ्यात आवाज ४० मीटर गेला असं धरलं की आवाजाचा वेग निघतो सेकंदाला ३५१ मीटर, आणि तो वेग साधारण ३२ डिग्री हवेचा असतो. शेडमधल्या थर्मामीटरवर बघितलं तर ३२. पत्रा तापलेला होता. पिल्लांसाठी लावलेला थर्मामीटर बाणाच्या कामी आला.

पण २५१ पण खरा नाही. इथं बरेच जण फसतात. स्ट्रिंगचा मोठा आवाज होतो तेव्हा बाण नुकताच स्ट्रिंगवरून सुटलेला असतो, आणि त्याची मागची नॉक (स्ट्रिंगमध्ये बसणारी खाच) स्ट्रिंगपाशी असली तरी टोक पुढं असतं. बाण २८ इंच, स्ट्रिंग ते ग्रिप ७ इंच, म्हणजे टोक ग्रिपच्या २१ इंच पुढं, अर्ध्या मीटरच्या वर. २० मीटर मी ग्रिपपासून टेपनं मोजलेले, पण टोकाला जायचं राहिलं १९.४७ मीटर. त्याला ०.२६१ नं भागलं की ७४.६ मीटर, म्हणजे २४५ एफपीएस. अर्ध्या मीटरनं सहा एफपीएस खाल्ले. टार्गेट जितकं जवळ तितकी ही चूक मोठी, १० मीटरवर मारून स्पीड काढणाऱ्यांनी हे धरलं नाही तर ती दुप्पट होते.

दुसरी खुबी आवाज ओळखण्यात आहे. ऑडॅसिटी ह्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ ताणून मोठा केला की स्ट्रिंगच्या मोठ्या धक्क्याच्या आधी साधारण १२-१३ मिलीसेकंद एक बारीक काडी दिसते. ती रिलीजची (स्ट्रिंग सोडायच्या हातातल्या खटक्याची) क्लिक. बाण तेव्हा स्ट्रिंगवरच असतो आणि पुढं ढकलला जात असतो. ती धरली तर स्पीड ७१ मीटरवर येतो, आणि रिलीजच्या क्लिकलाच सुरुवात समजायचा मोह फार होतो कारण ती पहिली दिसते. पत्र्याच्या शेडमध्ये त्यात घुमण्याची भर, टार्गेटचा ठप्प एकदा आणि त्याचे चुलतभाऊ मागून. नेहमी पहिली उभी रेघ धरायची. आणि रेकॉर्डिंग साध्या रेकॉर्डरनं करून फाइल तशीच काढायची, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज पाठवून त्याचा ग्राफ बघू नये, तो आवाज पिळून काढलेला असतो.

मग हे २४५ म्हणजे सुटतानाचा स्पीड का? नाही, ही २० मीटरची सरासरी. बाण हवेत मंदावतो, माझ्यासारखा कार्बनचा बाण दर १० मीटरला साधारण ३ एफपीएस गमावतो. २० मीटरला ६ जातात, सरासरीत ३ दिसतात. म्हणजे सुटताना २४८. कागदी ठोकताळा २४९ म्हणत होता. चला, ठोकताळ्यांना नावं ठेवायचं जरा कमी करतो.

तरी मनाला पटेना म्हणून कराडचा एक मित्र एअरगन मारतो त्याचा क्रोनोग्राफ मागून आणला. त्यात दोन प्रकाशाचे डोळे असतात, बाण पहिल्यावरून गेला की घड्याळ चालू, दुसऱ्यावरून गेला की बंद. सोपं वाटतं. शेडमध्ये ट्यूबलाइटखाली लावला तर कधी एरर, कधी भलताच आकडा, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनवर साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि त्या डोळ्यांना तीच बाण वाटते. दाराशी सावलीत नेला, वर पांढरा कागद पसरवला, मग शहाण्यासारखा चालला. आणि बाण त्यावरून सरळ जायला पाहिजे, तिरका गेला तर वाट लांबते आणि आकडा खाली येतो, १० डिग्री तिरकं म्हणजे दीड टक्का गेला. सरळ लावल्यावर २४७, २४८, परत २४८. झालं समाधान.

ज्यांच्याकडं क्रोनो नाही, तीन फोन नाहीत, भाचा पण नाही, त्यांच्यासाठी अजून एक रस्ता आहे, तो बोच्या साइटवरच (वरखाली सरकणाऱ्या नेमाच्या पट्टीवरच) असतो. ऊस तुटून गेलेल्या रानात वारा पडलेला असताना २० आणि ५० मीटरचे मार्क पक्के केले. दोन मार्कांत साइट २० मिलिमीटर सरकली. पीपपासून पिनपर्यंत (साइटच्या नेमाच्या टोकापर्यंत) ८५० मिलिमीटर. २० भागिले ८५० म्हणजे ०.०२३५. आता डोळा बाणाच्या ११ सेंटिमीटर वर असतो त्याची भर, ०.११ ला एकदा २० नं आणि एकदा ५० नं भागून वजाबाकी करायची, ०.००३३. बेरीज ०.०२६८. मग मधले ३० मीटर गुणिले ९.८१, भागिले ०.०२६८ ची दुप्पट, आणि वर्गमूळ. ७४ मीटर सेकंदाला, २४३ एफपीएस. ही ५० मीटरपर्यंतची सरासरी, वाटेतली घट धरली की पुन्हा २५० च्या आसपासच. मार्क वाचताना अर्धा मिलिमीटर इकडं तिकडं झालं तरी ३ एफपीएसचा फरक पडतो, त्यामुळं ह्या रस्त्यानं शेवटचा आकडा शोधत बसू नये, पण ३३० खरा का २५० खरा एवढं तर हा एका दुपारी सांगतो.

दाजींची एक वेगळीच सूचना होती, पोतं टांगा आणि बाण मारा, किती हलतं बघा. मी हसलो नाही, कारण १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या बेंजामिन रॉबिन्सनं बंदुकीच्या गोळीचा वेग नेमका असाच काढला होता, लोलकात गोळी मारून. चिंध्यांनी ठासलेलं २० किलोचं पोतं २ मीटर दोरीला टांगलं तर माझ्या बाणानं ते ४ सेंटिमीटर मागं जायला पाहिजे. दाजींनी खडू लावून मोजलं, चारच्या थोडं वर. वाईट नाही. फक्त बाण मध्यावर बसला नाही तर पोतं सरकायच्या ऐवजी गरगरतं.

आता ते ८६ ज्यूल. २४८ एफपीएसनं जाणाऱ्या ३८० ग्रेनच्या बाणात ऊर्जा निघते ७० ज्यूल, म्हणजे बोनं ८२ टक्के दिली. बाकीची गेली कुठं? लिंब, कॅम, स्ट्रिंग हे पण पळतात ना बाणाबरोबर, त्यांना पळवण्यात. क्लॉपस्टेग नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात ह्याचा फार सोपा हिशोब मांडला, असं समजा की बाणाच्या अंगाला एक खोटं जास्तीचं वजन चिकटलंय आणि ते पण त्याच वेगानं जातंय. माझ्या बोचं ते खोटं वजन येतं साडेपाच ग्रॅमच्या जवळ, ८० ग्रेनच्या थोडं वर. हे बाण बदलला तरी फारसं बदलत नाही, त्यामुळं एकदा काढलं की कुठल्याही बाणाचा स्पीड घरबसल्या सांगता येतो. ४५० ग्रेनचा जड बाण लावला तर २३१ येईल असं मी वहीत लिहून ठेवलं आणि मग मित्राचे ४५० चे बाण क्रोनोवरून सोडले. २३०, २३१. त्या दिवशी चहा माझ्याकडून.

ह्याच हिशोबातून कळतं की माझ्या बोला ३ नाही, साधारण ४ ग्रेनला १ एफपीएस जातो. आणि जड बाणात ऊर्जा थोडी जास्तच जाते, म्हणून परदेशातले शिकारी स्पीड सोडून जड बाण घेतात, तिकडं बो शांत पण पाहिजे, कारण बाण सेकंदाला ७५ मीटर आणि आवाज ३५०, हरणाला आधी आवाज कळतो. आपल्याला टार्गेटला त्याचं काय नाही.

टार्गेटला काय आहे ते सांगतो. ५० मीटरवर माझा बाण हवेत पाऊण सेकंदाला थोडा कमी असतो आणि तेवढ्यात सव्वादोन मीटर खाली येतो. स्पीड ३ टक्के चुकीचा धरून साइट टेप (साइटवर चिकटवायची अंतरांच्या मार्कांची पट्टी) छापली तर बाण १३ सेंटिमीटर वर किंवा खाली. ८० सेंटिमीटरच्या फेसवर (टार्गेटच्या कागदावर) १० चं वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे १३ सेंटिमीटर गेला की थेट ७ मध्ये. एक टक्का चुकला तरी साडेचार सेंटिमीटर, म्हणजे १० च्या बाहेर. त्यामुळं स्पीड जास्त आहे का कमी ह्यापेक्षा तो माहीत आहे का, आणि प्रत्येक बाणाला तोच आहे का, हे महत्त्वाचं. पाउंडेज वाढवून १० एफपीएस मिळवायच्या नादात खांदा धरून बसलेली दोन-तीन मंडळी माझ्या ओळखीत आहेत.

आणि सराफाच्या काट्याचं राहिलंच. माझा ७ नंबरचा बाण ५० मीटरवर कायम खाली लागायचा. रिलीज बदलून बघितलं, नॉक फिरवून बघितली, व्हेन (बाणाची मागची पिसं) बदलल्या. काट्यावर तो बाकीच्यांपेक्षा ०.५८ ग्रॅम जड निघाला, ९ ग्रेन. इन्सर्ट (ज्यात बाणाचं टोक बसतं तो तुकडा) बसवताना कुणीतरी ग्लू भरपूर ओतला होता. ९ ग्रेन म्हणजे २ एफपीएसच्या थोडं वर, ५० मीटरवर साडेतीन-चार सेंटिमीटर खाली. अगदी तेवढाच लागायचा तो. आता तो पोत्यावर मारायला दाजींकडं दिलाय.